परक्या हातचं पाणी

श्री
मोलमीन, ब्रह्मदेश
ता. २८ नोव्हेंबर १९२५

तीर्थरूप गं. भा. कस्तुराअक्का हिचे चरणी बालके इंद्रभानचे शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. आगबोटीत रंगूने तीन दिवस डोकं वर काढलं नाही. अडाण नदीचे पूर पाहिलेली बाई समुद्राला भ्याली, म्हणून मी तिला अजून चिडवतो आहे.

लाकडाच्या वखारीत कारकुनी सुरू झाली. कचेरीत मुंबईकडचे चार मराठी बाबू आहेत. शनिवारी त्यांची बैठक असते. दोनदा गेलो. माझं मले-तुले ऐकून त्यांना हसू आवरत नव्हतं, तिसऱ्यांदा गेलो नाही. पण बाजारात एका टोपीवाल्याने माझं बोलणं ऐकलं आणि दुकानातून उडीच मारली. काहून बे, वऱ्हाडातला दिसून राह्यला, असं म्हणाला. कारंज्याचा बदरुद्दीन निघाला! त्याच्या बायकोने, जुबेदाने, रंगूला मिठी मारली आणि दोघी रडत बसल्या. त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत आहे.

शेजारीण मा म्या ही ब्रह्मी म्हातारी, चिरूट वळते. इथे दारोदार रस्त्याच्या कडेला पाण्याचे माठ ठेवतात. कोणीही यावं, पिऊन जावं, जात विचारायची नाही. मला तर मोठी गंमत वाटली.

तब्येत जप. मायेत कमी करू नकोस, तुझ्याशिवाय आहे कोण आम्हाला.

तुझा
इंद्रभान

श्री
इंझोरी
ता. १६ डिसेंबर १९२५

चि. इंद्रभान व चि. सौ. रंगू यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं, मग देवापुढे ठेवलं. तूर बरी आहे. गाय व्याली, गोऱ्हा झाला. तुझ्यासारखाच हूड आहे.

इंद्रभान, त्या माठांची तुला गंमत वाटली, मला मात्र झोप येईना. तू बाहेर वावरणारा माणूस, तुझं कसंही चालून जातं. पण रंगूने घर धरून राहायचं आहे. आज पाणी, उद्या जेवण, आणि परवा तुम्ही परत आलात की गावची पंगत तुम्हाला पाट मांडणार नाही. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, आणि मला दूषण लागेल ते तुझ्या घरावरून लागायला नको.

म्हणून रंगू, हे तुला लिहिते. परक्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे. बोलावं, बसावं, सुखदुःख विचारावं, त्याला ना नाही.

तुला अक्षर मी शिकवलं ते असंच वाया घालवू नकोस, चार ओळी लिहीत जा. उभयतांवर जीव आहेच, कळावे.

तुमची
अक्का

श्री
मोलमीन
ता. १० जून १९२६

तीर्थरूप अक्का यांस रंगूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

अक्षर वाकडं आहे, रागावू नका. इथे पाऊस धरला की आठ-आठ दिवस सुटत नाही. हे लाकडांच्या कामाला नदीवर वर जातात, मग मी एकटीच असते.

गेल्या महिन्यात मा म्याच्या नातवाला भिक्षू केलं. रेशमी कपडे घालून, घोड्यावर बसवून मिरवतात आणि मग डोकं भादरतात. सगळी गल्ली जेवायला होती. मी मांडीवर हात ठेवून बसले. ताट तीनदा पुढे आलं. तिसऱ्यांदा मी मान हलवली तेव्हा म्हातारीचा चेहरा पडला. आता ती लांबूनच हसते. मला त्यांची भाषा येत नाही, नाहीतर सांगितलं असतं की आजी, तुमच्यात काही वाईट नाही.

जुबेदाने अंबाडीची भाजी केली होती, लसणाची फोडणी देऊन. वास आमच्या घरापर्यंत आला आणि मी रडले. ती म्हणाली, वो बाई, कारंज्यात मी तुले विचारलंही नसतं, पण इथं आपलं कोन हाय? मी तिच्या पायरीवर बसते आणि माझ्या घरून तांब्या नेते.

अक्का, शपथ थोडी सैल करता येत असेल तर बघा. येत नसेल तर राहू द्या. मी ती मोडणार नाही. तुमच्या जिवापुढे भाजीचं काय एवढं?

थोरांनी पाखर घालावी, एवढंच मागणं.

तुमची
रंगू

श्री
इंझोरी
ता. २० जुलै १९२६

चि. सौ. रंगूस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कारंज्याच्या बाजारात बदरुद्दीनची आई नजमुन्निसा भेटली. सुनेने तिला सगळं कळवलं होतं. भर बाजारात मला म्हणाली, काहून वो कस्तुराबाई, पोरीले एवढ्या दूर धाडलं, अन् वरून तिचं तोंडही बांधून ठेवलं? मला फार राग आला. पण घरी आल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि चुलीपाशी बसून मीही रडले.

पोरी, शपथ सुटली. ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते, म्हणून माझ्या हाताने तीनदा लिहिते. सुटली, सुटली, सुटली. आता माझ्या जिवाला काही होत नाही. जुबेदाकडे अंबाडी खा. म्हातारीच्या घरी जाऊन पाणी मागून पी, तिला बरं वाटेल. गावचं मी बघून घेईन.

इंद्रभानला आशीर्वाद. माझा राग विसर, माया तेवढी धरून ठेव.

तुझी
अक्का

मोलमीन
ता. १ ऑगस्ट १९२६

तीर्थरूप अक्कास,

कसं लिहावं कळत नाही. शनिवारी, चोवीस तारखेला रंगू आपल्याला सोडून गेली. गल्लीत पटकीची साथ आली होती. मी नदीवर होतो, निरोप मिळून येईपर्यंत दोन दिवस गेले. पुढचं सगळं जुबेदाने सांगितलं.

पहाटेपासून तिला जुलाब-उलट्या होत होत्या. घरातलं पाणी संपलं. मा म्या भाताची पेज घेऊन आली, जुबेदा पाणी घेऊन आली. रंगूने दात मिटून घेतले. जुबेदाने तिच्या पाया पडून विनवलं. तर म्हणाली, नको वो, अक्काले काही झालं तं? शेवटी बदरुद्दीन भर पावसात दीड मैल धावत देवळात गेला. तिथल्या मद्रासी पुजाऱ्याचं तरी पाणी ती घेईल, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. तेवढ्यात रंगू स्वतःच तांब्या घेऊन नळाकडे निघाली आणि जिन्यात कोसळली. पुजारी आला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. मा म्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

पुजारी, बदरुद्दीन आणि गल्लीतले दोन ब्रह्मी, अशा चौघांनी तिला नेलं. बैठकीच्या बाबूंनी शिपायाबरोबर दुखवट्याची चिठ्ठी पाठवली.

काल तुझं वीस तारखेचं पत्र आलं. मी ते तिच्या पेटीपाशी बसून मोठ्याने वाचलं. अक्का, स्वतःला दोष देऊ नकोस. तू सोडवलीस, आगबोटीने उशीर केला. मी जुबेदालाही हेच सांगितलं.

तुझ्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटतं.

इंद्रभान

इंझोरी
ता. १५ ऑगस्ट १९२६

चि. इंद्रभान,

पत्रावर श्री नव्हतं. तिथेच डाकवाल्यापुढे मी ओळखलं, अशुभाचं पत्र आहे.

तू मला दोष देत नाहीस. आगबोटीला देतोस. हे मी खोटं राहू देणार नाही, मग तुझं माझं काही राहो न राहो.

ते पत्र वीस तारखेचं नाही. नजमुन्निसा मला आठ जुलैला भेटली आणि नऊला सकाळी मी ते लिहिलं. लिहून कोनाड्यात ठेवून दिलं. भर बाजारात एका बाईने मला चारचौघांत शिकवलं, आणि लगेच मी ऐकलं असं कसं होऊ द्यायचं? रंगूलाही कळू दे की अक्काची शपथ रडून सुटत नाही. चार दिवस जाऊ देत, असं म्हणत अकरा दिवस गेले. मग तारीख घातली आणि टाकलं. इथली पत्रं तुला अकरा दिवसांत मिळतात. मी बोटं मोजली. नऊला टाकलं असतं तर ते वीसला तिच्या हातात असतं.

हे मी पहिल्यांदा नजमुन्निसाला सांगितलं. ती एवढ्या चिखलातून पायी भेटायला आली होती. माझ्या तोंडाला कोरड पडली होती, तर तिने उठून आपल्या हाताने पाणी दिलं. शेजारच्या बायका बघत होत्या. मी प्यायले. इंद्रभान, ते सहज घशाखाली उतरलं, काहीसुद्धा झालं नाही, आणि तेच मला सोसवत नाही.

पत्राच्या शेवटी माया मागायची असते. ती मागायला मला आता तोंड नाही.

कस्तुरा