उंबरठ्याला वाळवी लागली नव्हती

आबा, मी सध्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर खोल्या आवरतो. हा पोरगा एका जागी टिकला तर मिशी उतरवीन, असं तुम्ही म्हणायचात. मिशी वाचली तुमची, कारण जहाजही एका जागी थांबत नाही. आधी सुरतेचं लॉज, मग ट्रक, मग एक ढाबा. ढाब्याचं सांगत बसलो तर खोलीचं राहून जाईल.

इथली साधी खोली अरुंद. पलंगाच्या कडेनं तिरकं चालायचं, आणि न्हाणीच्या दाराशी वीतभर उंचवटा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पण काही खोल्या चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी वेगळ्या असतात. त्यांचं दार रुंद, पलंगाशेजारी खुर्ची गर्रकन फिरेल एवढी जागा. न्हाणीला उंचवटाच नाही, फरशीलाच उतार. भिंतीला धरायचे दांडे, बसून आंघोळ करायला घडीची बैठक. पहिल्यांदा आत गेलो आणि दारातच थबकलो. हे तर आपलं खांडबाऱ्याचं घर.

लाकडाच्या ट्रकखाली दोन्ही पाय गेल्यावर तुम्ही बेअरिंग लावलेल्या पाटावर बसून सुतारकाम करायचात. एका सकाळी आपल्याच घराचा उंबरठा कापायला बसलात. माय आडवी आली, हळदकुंकू कुठं लावू, लक्ष्मी कुठून येईल. करवत न थांबवता तुम्ही म्हणालात, "लक्ष्मीले पाय शेतस. माले नही." मग ते कापलेलं लाकूड दाराशेजारी भिंतीत बसवलंत. माय आजही तिथंच हळदकुंकू लावते.

बसल्या जागेवरून हात पुरेल तिथं तुम्ही घरभर पेन्सिलीची रेघ मारली होती. रेघेच्या वर काही ठेवायचं नाही. मी एकदा पाण्याचा तांब्या वर ठेवून भटकायला गेलो. माय शेतात. संध्याकाळपर्यंत तुम्ही पाणी प्यायला नाहीत, शेजाऱ्याला हाकही मारली नाहीत. मी आल्यावर एवढंच म्हणालात, "मन्हा हात पुरस तठे ठेव."

तरी इथं मी तेच केलं. साध्या खोलीसारखा फवारा वरच्या खुंटीला, टॉवेल वरच्या फळीवर. सुरतेच्या एक आजी खुर्चीतून म्हणाल्या, "दीकरा, नहावा माटे झाड पर चढूं?" कान तापले माझे. मी दुसऱ्या एका खुर्चीत बसलो, हात वर केला आणि सगळं त्याच्या खाली उतरवलं. मग मजल्यावरच्या तसल्या सगळ्या खोल्या तशाच लावल्या. साहेबानं विचारलं, हे कुठं शिकलास? म्हटलं, खांडबाऱ्याला, एका सुताराकडं. सांगताना छाती अशी फुगली, की जणू जहाज बांधणाऱ्यानंही आपल्या घरी येऊन माप घेतलं असावं.

तुम्ही आता नाहीत, हा कागद टपालात टाकायचा नाहीच, तर एक राहिलेलं लिहितो. तुमच्या घराला उंबरठा कसा नाही, असं शाळेतली पोरं विचारायची, तेव्हा वाळवी लागली म्हणून सांगायचो मी. सुताराच्या घरात, आबा. तुम्ही निवडलेल्या सागाला.