बैलाची गाठ आणि सुलतान

ती. सर्जेराव दाजींस,

बारामतीहून तुमचा मेहुणा महिपती याचा सादर नमस्कार. तुमची व कुशाक्काची प्रकृती उत्तम असावी. माझे गुडघे वगळता इकडेही सर्व क्षेम आहे.

एक कोडे तुमच्याही लक्षात आले असेल. ज्या दाव्याला बैल रात्रभर निमूट उभा राहतो, त्याच दाव्यातून कुत्रा नेमका पाहुणा आल्यावर कसा सुटतो? रविवारी तुमच्या गावी, बावड्यात, उसाने भरलेल्या ट्रॉलीवर उकिडवा बसलो असताना मला उत्तर सापडले (शास्त्राच्या शिक्षकाला निवृत्तीनंतरही उसंत नसते). आपण बैल सुटगाठीने बांधतो. गोठ्याला आग लागली, तर मोकळे टोक ओढताच जनावर सुटावे, ही त्यातली सुंदर योजना. बैल मानेने ओढतो, त्यामुळे गाठ उलट आवळते. तुमचा सुलतान मात्र रॉटवायलर कुत्रा, त्यालाही तीच गाठ. तो दातांनी ओढतो, आणि लोंबते टोक त्याच्या तोंडासमोरच होते. पुढचे आपण दोघांनी वरून पाहिले (तुम्ही माझ्याआधी चढलात, हे वयाच्या मानाने कौतुकास्पद).

चढण्यापूर्वी तुम्ही म्हणाला होतात, "काय करत न्हाय ओ त्यो, निव्वळ वासरू हाय." त्या वासराने वैरण घेऊन आलेल्या सारजाबाईंचा दंड धरला. डोक्यावर भारा, पळणार कशा? इंदापूरच्या दवाखान्यात सुई टोचून घेताना त्या एवढेच म्हणाल्या, "मालकास्नी इचारा, वासराला असलं दात कवा आलं?"

कोळपताना बैलाने ज्वारीची चार पाने खाऊ नयेत म्हणून तुम्ही त्याच्या तोंडाला मुस्के बांधता. मग माणसाच्या दंडाला पानाइतकीही किंमत नाही? लस, साखळी, बंद फाटक आणि बाहेर नेताना मुस्के, एवढे मालकाचेच काम आहे. कुत्र्याने कोणते नियम वाचावेत?

आपला नम्र,
महिपती

ता. क. : खरा मुद्दा राहिला. कोल्हापूरच्या लग्नाला जाताना सुलतानला आमच्याकडे ठेवण्याचा तुमचा निरोप मिळाला. घरात चार वर्षांची नात श्रेया आहे, आणि तिला कुत्र्यांचे कान ओढायला आवडतात. कृपया आणू नये.

ता. क. २ : आमच्या सौ. माधवीने कुशाक्काला परस्पर "आणा की" असे सांगून टाकल्याचे आत्ताच समजले. मी हतबुद्ध आहे. तेव्हा निघण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. रिकाम्या खुंट्याला तुमच्या नेहमीच्या पद्धतीने दावे बांधा, मोकळे टोक स्वतःच्या दातांत धरा आणि मान मागे झटका. दावे सुटून तोंडात आले, तर सुलतान तुमच्याबरोबर लग्नाला जाईल.