बटणावरची टिकली

मंगळवार, ८ एप्रिल

शनिवारपासून एसीचा रिमोट सापडत नाही. गादीखाली, फ्रीजवर, देवघरात, सगळीकडे पाहून झालं. खोलीत दुपारी ३४ डिग्री. यांचं अंग तापलेलं. डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात बजावलंय — 'पॅरालिसिसचा पेशंट आहे, उन्हानं त्रास झाला तर पुन्हा अॅडमिट करावं लागेल.' वरचा मजला, पश्चिमेची भिंत, आणि एसी नुसता टांगलेला!

खिडकीला ओले पंचे बांधले. ३२ झालं.

बुधवार, ९ एप्रिल

आठवलं. कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी बोहारीण आली होती, नवसाबाई. यांचे सहा शर्ट काढून दिले. झाकणाचं पातेलं मागितलं तर म्हणते, 'आजून येक शर्ट टाका ताई, मग झाकन देते.' मी खोलीत गेले, पलंगाजवळच्या खुंटीवरचा निळा शर्ट काढला आणि दिला. हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

रिमोट त्याच शर्टाच्या खिशात. यांची सवय! दुसऱ्या कुणी तापमान बदलू नये म्हणून रिमोट कायम खिशात. आजारपणानंतर मीसुद्धा वापरून झाला की तिथेच ठेवायचे. जागा ठरलेली ना त्याची.

आठ महिने हे बंडीवर आहेत. शर्ट घालून जाणार कुठे, असा मी विचार केला होता. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

यांना सांगितलं, रिमोट बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय.  यांचा हल्ली एकच शब्द असतो — 'नको.' आज तोही नाही.

गुरुवार, १० एप्रिल

ओवेस आला, एसीवाला. चार रिमोट लावून पाहिले, एसीनं एकाचंही ऐकलं नाही. मॉडेल जुनं. नवा मागवलाय, आठ-दहा दिवस.

'तोपर्यंत काका शिजतील रे!'

'टेन्शन नका घेऊ काकू.' त्यानं एसीचं पुढचं झाकण काढलं. उजवीकडे आत एक बटण आहे, हरभऱ्याएवढं. 'ये इमर्जन्सी का है. दाबा, चालू. पुन्हा दाबा, बंद. टेम्परेचर तो आपल्या मनानं ठेवणार, तुमचं नाय ऐकणार. आणि लाइट जाऊन आली तर आपोआप सुरू नाय होणार. परत दाबायचं.'

बारा वर्षं एसी घरात, आणि हे आत्ता कळतंय! झाकण त्यानं काढूनच ठेवलं. चष्म्याशिवाय बटण दिसेना, म्हणून वर माझी लाल टिकली चिकटवली. ओवेस हसला. हसू दे. कॉलेजच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं बाटल्यांवर खुणा केल्यात मी.

दुपारी २६.

शुक्रवार, ११ एप्रिल

लाइट दोनदा गेली. दोनदा स्टुलावर चढले. गुडघा कुरकुरतोय.

फिजिओथेरपीवाली पायल आली, यांच्या व्यायामाला. एसीखाली खुर्ची ठेवली. 'काका, पाचच पावलं. खुर्चीपर्यंत.' हे म्हणाले, 'नको.' स्वयंपाकघरात मला हळूच म्हणते, 'काकू, पायात ताकद आलीये. मनानं बसलेत ते.'

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर माझा विश्वास नाही. असता तर शर्ट दिले असते का?

सोमवार, १४ एप्रिल

बाहेर ४०, आत २६. लाइट तीनदा.

मी स्टुलावर चढले की हे टक लावून बघतात. 'पडणार नाही मी,' म्हटलं. यांनी तोंड फिरवलं.

बुधवार, १६ एप्रिल



बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो. तिथे नवसाबाई भेटेल म्हणून गेले. तासाभराचं काम. एसी लावला, पाणी उशाशी ठेवलं, कडी बाहेरून घातली. नवसाबाई भेटली. 'कापडं तवाच गेली वो पुढं. रिमोट म्या नाय पाहिला. लोकांच्या खिशात काय बघायचं?'

परत फिरले तर रविवार कारंजा चौकातले सिग्नल बंद. दुकानांतून जनरेटरची घरघर. लाइट गेलेली!  रिक्षावाल्याला सारखी म्हणत होते, जरा लवकर हो दादा. ट्रॅफिक ही अशी. सव्वा तास लागला. खाली वॉचमन म्हणाला, 'मघाशी गेलती. येऊन वीस मिनटं झाली.'

आली म्हणजे काय! एसी तर बंदच असणार. जिने कशी चढले माहीत नाही. कडी काढली.

खोली गार होती. एसी चालू होता.

पलंग रिकामा! हे खुर्चीत बसलेले. घामानं भिजलेले, धापा टाकत, पण बसलेले. पलंगाला लावलेली मच्छरदाणीची एक काठी काढलेली, यांच्या मांडीवर आडवी. काठीच्या टोकाला माझी लाल टिकली.

पलंग ते खुर्ची — पाच पावलं.

मी रडले. अगदी भोकाड पसरून. बत्तीस वर्षांत लॅबमध्ये कधी रडले नव्हते, अॅसिड सांडलं तेव्हाही. हे म्हणाले, 'पाणी.'

तापमान बघायचं राहिलं.

गुरुवार, १७ एप्रिल

पायलला दाखवायचं म्हणून हे पुन्हा चालले. परत येताना धरावं लागलं. पायलनं उडीच मारली. यांना ती उडी आवडली नसावी.

लाइट एकदा गेली. मी स्टुलाकडे वळले तर यांनी काठी उचलली होती. मी बाजूला झाले. चौथ्या प्रयत्नात एसी लागला.

खुंटी रिकामी दिसते. तिच्यावर टॉवेल टाकून ठेवला.

शनिवार, १९ एप्रिल

ओवेस नवा रिमोट देऊन गेला. एसीचं झाकण बसवलं. मी रिमोट यांच्या हातात दिला. म्हटलं, घ्या, दुरुस्त होऊन आला.

यांनी उलटासुलटा करून पाहिला. कोरा करकरीत! मग सवयीनं छातीशी नेला. बंडीला खिसा नाही. हात तसाच थांबला. खुंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

'शर्ट आण,' म्हणाले. 'नवा. खिशाचा.' मग, श्वास घेऊन — 'पातेल्याचं झाकण... मिळालं ना?'