पाहुणीच्या पानातलं तूप

अमरावती. रविवार, पौष शुद्ध पंचमी. दिवेलागण.

जिंकलो! देवापुढे दिवा लावला आणि लगेच लिहायला बसले.

आमच्या क्लबच्या पोरींची अकोल्याशी टेनिसची लढत होती. दोन एकेरी, एक दुहेरी. जो दोन सामने जिंकेल, तो संघ पुढच्या फेरीला नागपूरला. बाहेरगावच्या पोरींना आम्ही आपापल्या घरी उतरवायचं ही रीतच आहे, म्हणून अकोल्याची शांता काल आमच्याकडे. दुहेरीत ती माझ्या लेकीच्या, नलूच्याच समोर!

नलूच्या वरणावर वाढलं तेवढंच तूप मी तिलाही वाढलं. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "पावण्या पोरीले एवढं तूप कावून वाढून राहिली वं? उद्या आपल्याच नलूले हारवन ते!"

मी तुपाचा चमचाही पोळीने पुसून घेणारी. पण पाहुणीला वाढताना हात आखडून देवाकडे यश कोणत्या तोंडाने मागायचं? तरी सकाळी पूजेतही तेच तूप मनात. चुकलं का माझं?

एकेरीत एक-एक झालं. उरली दुहेरी. शांता काय मारते, बाई! तिचा प्रत्येक फटका मला माझ्याच तुपाचा वाटला. शेवटी नलूने पळत जाऊन चेंडू तिच्या डोक्यावरून उंच टाकला, तो थेट मागच्या रेघेवर पडला, आणि सामना आमचा! सासूबाई तर खुर्चीवरून उठून टाळ्या पिटत होत्या!

निघताना शांता पाया पडली. हसून म्हणाली, "काकू, तूप कमीच पडलं मले."

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "पुढल्या साली ये, पोरी. दुप्पट वाढतो. तरी आमचीच नलू जिंकन!"