बाटलीवरचा बोंडू

आये, मुंबईत शिकायला होतो तेव्हा मी तुला धाडलेलं प्रत्येक पत्र ताई वाचून दाखवायची, आणि तिला नको असलेली वाक्यं बेधडक गाळायची. हे पत्र मात्र, तू असतीस तर, तुझं तू वाचलं असतंस, आणि नेमकी त्याचीच मला भीती वाटते. आता माझ्या वयाला तू मला दटावणार नाहीस, तरी दोन कागद फाडून हा तिसरा घेतलाय. परवा माझी नात, म्हणजे तुझी पणती, तिची कामं दाखवायला आली. तीही माझ्याच, लेबलं रंगवायच्या धंद्यात आहे, फक्त तिचा ब्रश संगणकात असतो. तिने टेबलावर तीन बाटल्या मांडल्या: लिंबाचं सरबत, हात धुवायचा साबण आणि लादी पुसायचं औषध. तिन्हींवर तोच हिरवा काठ आणि तेच रसाळ, कापलेलं लिंबू. "बघा आजोबा, तिन्ही एका घरातली भावंडं दिसतात की नाही?" ती म्हणाली. मी ओरडलोच, "धोक्याची खूण कुठे आहे यावर?" पोरगी दचकली. मग शांतपणे बाटली फिरवून तिने तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "आहे की, ही काय." ते बोट पाहून मी तिला घरी धाडलं आणि हे पत्र लिहायला बसलो. का बसलो ते मी तिला सांगितलं नाही.

तुला आठवतं ना, मी शिकून परत आलो आणि बाजारात एक खोली घेऊन बसलो तेव्हा कोणाला कळेचना मी काय करतो ते. तू शेजारणींना सांगायचीस, "तो बाटलेंक कपडे घालता." मला राग यायचा, पण याहून नेमकं मला स्वतःला कधी सांगता आलं नाही. विडीच्या बंडलाचा कागद, आंब्याच्या पेटीवरचा शिक्का, खानावळीची पाटी, मसुऱ्याच्या जत्रेतल्या दशावताराचा फलक, आचऱ्याच्या एका होडीवरचं नाव, जे येईल ते मी करायचो. आणि तोरा तर असा, की जणू सगळा किनारा माझ्या रंगाची वाट पाहत थांबला होता. चित्राशेजारी एक जादा अक्षर आलं तरी मला ते डोळ्यांत खुपायचं.

अशात एका व्यापाऱ्याचं मोठं काम मिळालं. त्याच्या तीन वस्तू बाटलीत भरून मुंबईला जायच्या होत्या: सरबतासाठी कोकमाचं आगळ, खोबरेल, आणि होड्यांना नि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावायचं काजूच्या टरफलांचं तेल. मी नवीन शिकलेलं सगळं त्यात ओतलं. तिन्हींना एकच बाटली, एकच सोनेरी काठ. आगळावर कोकमाचं फळ, म्हणजे रतांबा, खोबरेलावर नारळ आणि तिसरीवर काजूचा बोंडू, लालपिवळा, पानासकट, नुकता झाडावरून उतरवल्यासारखा. माझ्या आयुष्यात मी काढलेलं ते सगळ्यात देखणं फळ. व्यापाऱ्याने लेबल उजेडात धरलं. "बोंडू बेस काढलंस. पण बाजूक धोक्याची खूण घाल हां. कातडेक लागला तर फोड येतत." मी हसलो. "लाल कवटी घातल्यार बोंडू मरतलो. आनि आपल्या माणसांक ह्या सांगूक व्हया?" तो दोनदा बोलला, तिसऱ्यांदा म्हणाला, "तू शिकललो, तुका ठावक," आणि निघून गेला.

खरंच, आपल्याकडे कोणाला माहीत नाही ते? टरफल दाताने फोडलं की ओठ भाजतो, हे पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. पण ते टरफल. मी बाटलीवर काढला होता बोंडू, आणि बोंडू आपण खातो. ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही.

छापून आलेली पहिली तीन लेबलं मी भरलेल्या बाटल्यांवर चिकटवली आणि मिरवायला घरी आणली. तुझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मीठ-मसाल्याच्या बरण्यांच्या पुढे, ओळीने लावून ठेवली. तू पदराने हात पुसून लांबूनच पाहिलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचे यजमान आले, आरोंद्याहून, उन्हातून. मी पडवीत त्यांच्याशी बोलत बसलोय. आतून तुझा आवाज येतो, "जावयबापू, जरा थांबा. आमच्या झिलाच्या कंपनीचा नवीन सरबत आसा." मी ते ऐकतो आणि मला बरं वाटतं. मला वाटतं, आगळ. आगळाचं सरबत करते आहे. मी उठत नाही. मग आत भांडं पडतं.

दुसऱ्याच्या पेल्यात काही ओतण्याआधी तू ते नेहमी तळहातावर घेऊन चाखायचीस. कढी असो, सरबत असो. त्या सवयीने जावई वाचले. तुझा तळहात, ओठ आणि जीभ नाही वाचली. मी आत आलो तेव्हा तू तोंड उघडं ठेवून उभी होतीस, आवाज निघत नव्हता, आणि डोळे माझ्याकडे लागले होते. ते अजून तसेच लागलेले आहेत, आये. डॉक्टरांना आणायला जावई धावले. मी काय केलं? मी आधी बोंडूची बाटली उचलली आणि माझ्या पेटीत तळाशी घातली.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. कोणीतरी विचारलं, ह्या झाला कसा? आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाटलेर लिवलला आसा, पोटात घेवचा न्हय म्हणान. आयेक वाचूक येणा नाय." आये, तसं काहीही लिहिलेलं नव्हतं. वर नाव होतं, मध्ये बोंडू होता, खाली छापखान्याची ओळ होती. तू सुजलेल्या ओठांनी मान हलवलीस. पुढे बोलता यायला लागल्यावर ज्याला त्याला सांगायचीस, "झिलाचो काय दोष? माका वाचूक येणा नाय, माझीच चूक." व्यापाऱ्याकडे धावत जाऊन मी सगळी लेबलं बदलून घेतली, लाल कवटीसकट. तुझ्या जिभेची चव काही पूर्ण परतली नाही. कढी कधी खारट व्हायची, कधी अळणी, आणि आम्ही मुकाट भुरकायचो.

मग वर्षभराने तो दुसरा धक्का. मी एका कामासाठी मुंबईला जाऊन महिनाभराने आलो होतो. पडवीत तू बसली होतीस, मांडीवर पाटी, आणि शेजारी ती बाटली. माझ्या पेटीतली. शेजारच्या मास्तरांच्या बायकोकडून दुपारी दुपारी तू अक्षरं गिरवत होतीस, कोणाला न सांगता. लेबलावर बोट ठेवून तू वाचत होतीस, "का, जू, ट, र, फ, ल..." तेलापर्यंत पोचलीस. बाटली फिरवून पाठची बाजू पाहिलीस, परत पुढची. "झिला, हय ये रे. तां लिवलला खंय आसा, जरा दाखव. माका गावना नाय."

तू रागावली नव्हतीस. तुला नुसतं पाहायचं होतं, की वाचता आलं असतं तर त्या दिवशी काय दिसलं असतं. एवढ्यासाठी तू त्या वयात पाटी घेतली होतीस. तेव्हा तरी बोलायचं होतं मी. पण मी वाकलो, आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "ह्या बघ. हय आसा."

तू बाटली उजेडाकडे धरलीस. बराच वेळ ओठ हलत होते. मग म्हणालीस, "हां हां. आसा आसा. माकाच दिसाक नाय." पदराने बाटली पुसलीस आणि माझ्या हातात दिलीस. त्यानंतरही मरेपर्यंत तू लोकांना तेच सांगत राहिलीस, "माका वाचूक येय नाय, म्हणान झाला." पाटी पुन्हा कधी तुझ्या मांडीवर दिसली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एवढं लिहून ठेवतो. ती छापखान्याची ओळ फार बारीक होती, तुला ती वाचता आली नसणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. पण आये, तांदळातला खडा तू शेवटच्या पावसाळ्यापर्यंत चष्म्याशिवाय वेचत होतीस, आणि ते मी रोज समोर बसून पाहत होतो.