आत्याने दिलेल्या झुंबराबद्दल

ती. आत्यास,

नमस्कार. (इथे कृ. सा. न. वि. वि. लिहायचं की शि. सा. न. वि. वि., ते शिकवायच्या आधीच माझी शाळा सुटली. आईला विचारलं तर म्हणाली, "साधं नमस्कार लिही, आत्या काय पेपर तपासायला बसणारे का?" तू तपासतेस हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.) तुझी तब्येत बरी असेल. काकांचा खोकला थांबला असेल. तुमच्या मांजरीला पिल्लं झाली असं कळलं, त्यांना माझे आशीर्वाद. आशीर्वाद देण्यासारखं माझ्याहून लहान आपल्याकडे दुसरं कोणी नाही.

फोन का नाही केला असं विचारशील. केला होता. तू हॅलो हॅलो म्हणालीस, मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात तू काकांना "कोणीतरी नुसतं श्वास सोडतंय" असं सांगून ठेवून दिलास. तो श्वास माझा होता. मला शाळेतही हेच नडलं. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा "हजर" म्हणायला माझं तोंड उघडेपर्यंत बाई चार नावं पुढे गेलेल्या असायच्या, त्यामुळे मी वर्षभर वर्गात बसूनही गैरहजर ठरले. असो. विषय झुंबराचा आहे.

नव्या घराला तू दिवा भेट दिलास त्याबद्दल आधी आभार मानते. पुढचं वाचून तुला शंका येईल, पण आभार खरेच आहेत असं समज. तू बाबांना म्हणालीस, की घराला नुसत्या भिंती असून भागत नाही, काहीतरी ढंग लागतो, आणि तो जुन्या घडीव लोखंडाच्या दिव्याने येतो. तर गंजूशेठच्या दुकानात जा, माझं नाव सांगा, पैशांचं माझ्याकडे लागलं, आवडेल तो निवडा. आई म्हणाली, "बाहेरच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन आहे. मला ढंग नको, उजेड पाहिजे. ट्यूबलाइट लावा आणि मोकळे व्हा." बाबा म्हणाले, "ताईने सांगितलंय." (बाबांच्या तोंडून हे वाक्य आलं की आई भांडी घासायला उठते, भांडी घासून झालेली असली तरी.) मग बाबांना सोबत कोणीतरी हवं होतं, तर म्हणाले, तुला काय काम आहे, तू चल. माझ्यापुढे दोन पँटींची दुमड आणि एका पडद्याची झालर पडली होती, पण ते मी बसून करते, म्हणून आमच्याकडे ते काम धरत नाहीत. वर म्हणाले, "शाळेत काही उजेड पाडला नाहीस, आता घरात तरी पाड." हा विनोद त्यांनी पुढे गंजूशेठपुढे केला, वायरमनपुढे केला आणि जिन्यात भेटलेल्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांपुढेही केला. आजोबा हसले नाहीत तेव्हा त्यांना समजावूनही सांगितला.

दुकान तुला माहीतच आहे. वरून इतके दिवे लोंबतात, की आत शिरणारा प्रत्येक माणूस वाकूनच चालतो, आणि गंजूशेठ स्टुलावर बसून सगळ्यांचे नमस्कार घेतल्यासारखे दिसतात. त्यांनी बाबांना समजावलं, की शंभरीच्या पलीकडचं ते अँटिक आणि अलीकडचं ते व्हिंटेज. बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे मी व्हिंटेज म्हणायचा का?" गंजूशेठ त्यांच्याकडे नीट बघून म्हणाले, "वरून रंग मारलेला नसला तर." बाबा केसांना काय लावतात ते तुला ठाऊक आहे. ते एकदम दुसऱ्या दिव्याकडे वळले. मग गंजूशेठने सांगितलं, की साच्यात ओतलेलं लोखंड सगळीकडे सारखं असतं, पण घडवलेल्यावर हातोड्याचे ठोके बोटाला लागतात. झालं. त्यानंतर बाबांनी दुकानातला प्रत्येक दिवा डोळे मिटून चाचपला, पोराचा ताप बघावा तसा, आणि मधूनमधून तेच गंज लागलेले हात गालाला लावून विचार केला. थोड्या वेळाने बाबाही घडीव लोखंडाचे दिसायला लागले. मला सांगता आलं नाही. सांगायचं तर आधी "बाबा" म्हणावं लागतं, आणि दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती.

मला एक दिवा आवडला होता, तो कोपऱ्यात होता, त्याबद्दल पुढे लिहिते. मी बोट केलं आणि "तो" म्हणाले. बाबा म्हणाले, "काय?" मी म्हणाले, "काही नाही." (माझी बरीचशी बोलणी इथेच संपतात.) तेवढ्यात गंजूशेठ उठले आणि म्हणाले, "तुमच्या ताईंच्या नावाला शोभेल असं एकच आहे माझ्याकडे," आणि थेट त्या सहा हातांच्या झुंबरापुढे बाबांना उभं केलं. प्रत्येक हाताला पीळ, पिळाला वेल, वेलीला पानं, पानाला टोक. बाबा म्हणाले, "वा!" आई म्हणते, की निवड झाली असं म्हणू नका, पकडले गेलो असं म्हणा.

झुंबर दारातून आत येईना. आडवं केलं तरी दोन हात बाहेर, उभं केलं तरी दोन हात बाहेर, ते नेमके कुठले दोन हे टेम्पोवाल्यालाही कळेना. शेवटी दार बिजागऱ्यांतून काढलं. वायरमन आला, त्याने छताकडे बघितलं, झुंबराकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "खाली कोण राहतं?" तरी बाबांनी लावूनच घेतलं. आमचं छत तुमच्यासारखं उंच नाही, त्यामुळे झुंबर खोलीत लोंबत नाही, खोलीत उभं राहतं. बाबा पहिल्यांदा आपटले तेव्हा म्हणाले सवय होईल. सवय झाली, पण आपटायची झाली. आई त्याला "पाहुणे" म्हणते. "पाहुण्यांच्या डावीकडून जा," असं आमच्याकडे सांगतात.

तेही चाललं असतं. पण आत्या, त्या झुंबराचे सहाच्या सहा दिवे वर तोंड करून आहेत. आमचं छत इतकं लख्ख दिसतं, की वरचा पोपडान् पोपडा मोजावा, आणि खाली आईला दोरा दिसत नाही. जो काही उजेड खाली येतो तो त्या हातांच्या, वेलींच्या आणि पानांच्या सावल्या घेऊन येतो. बाबांनी उपाय म्हणून मोठे बल्ब आणले, तर छताला ऊन लागायला लागलं आणि सावल्या आणखी काळ्या झाल्या. आईने मशीन खिडकीशी नेलं, मग भिंतीशी नेलं, मग परत जागेवर आणलं. सावल्या मागे मागे आल्या. आणि मग ते बँकेतल्या साहेबांच्या पँटचं झालं. राखाडी पँट होती, खाली थोडी आखूड करायची होती. आईने खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली ती रेघेवर नाही, झुंबराच्या एका हाताच्या सावलीवर. एक पाय चांगला वीतभर आखूड झाला, तोही तिरका. साहेबांनी घालून बघितली, आरशात पाहिलं आणि विचारलं, "असं हल्ली घालतात का?" आई म्हणाली, "हो." साहेब गेल्यावर ती मशीनवर डोकं टेकून बसली. मला वाटलं हसतेय. इतकी वर्षं शिवतेय, पण तिने कुणाचं कापड कधी वाया घालवलं नव्हतं. साहेबांच्या घरचे पडदे आमच्याकडे यायचे होते, ते आले नाहीत. बँकेतल्या बाकीच्यांचे कपडेही यायचे बंद झाले. तेव्हापासून आई कापायला बसली की मी मोबाइलची बॅटरी पाजळून शेजारी उभी राहते. म्हणजे तू दिलेला दिवा छताला आणि आईला मी.

आई बाबांना म्हणाली, हे परत देऊन या. बाबा म्हणाले, मी कसा जाऊ, ताईला काय वाटेल. आई म्हणाली, मग मी जाते. बाबा म्हणाले, तू भांडशील. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. जो माणूस भांडू शकत नाही तोच भांडायला पाठवायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी वाटभर एकच वाक्य घोकत गेले, "आईला झुंबर नको आहे, ते परत घ्या." दुकानात पोचले आणि गंजूशेठ "बोल" म्हणाले तेव्हा त्यातला एक शब्द जागेवर नव्हता. मी उभी राहिले. ते म्हणाले, "दिलेला माल मी परत घेत नाही हां." मी उभीच. "बदलूनही देत नाही." मी काय बोलणार? "म्हणजे तसं ओळखीच्यांना देतो, पण हे झुंबर नको, ते दोनदा..." असं म्हणून ते थांबले, चष्मा पुसला, चहा मागवला, मला दिला, स्वतः घेतला आणि मग आपणहूनच बोलत सुटले. गप्प माणसापुढे लोक किती बोलतात, आत्या! त्यांच्या सुनेचं, गुडघ्याचं, धंद्याचं, गिऱ्हाइकांचं, सगळं ऐकलं. शेवटी घामाघूम होऊन म्हणाले, "बाई, तुझ्यापेक्षा तुझी आत्या परवडली! झुंबर परत पाठव, बदल्यात काय पाहिजे ते ने, पण अशी बघू नकोस." मी कोपऱ्यातल्या दिव्याकडे बोट केलं. या वेळी "काय?" विचारायला बाबा नव्हते.

तो दिवा कप्पीचा आहे. घडीव लोखंडाचाच आहे, ठोके मी स्वतः चाचपले, आणि शंभरीच्या पलीकडचा आहे असं गंजूशेठ आपल्या गुडघ्याची शपथ घेऊन सांगतात. वर एक कप्पी, साखळीच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला नासपतीएवढं वजन. खाली ओढला की थेट सुईच्या डोक्यावर येतो आणि तिथेच थांबतो. वर ढकलला की वर जातो. आईने खाली ओढला, काळ्या कापडावर काळा दोरा घेतला, सुईत एका फटक्यात ओवला, आणि काही न बोलता जी शिवायला बसली ती ढीग संपेपर्यंत उठली नाही. मी बॅटरी बंद करून खिशात ठेवली. हाताला रग लागली होती ते तेव्हा कळलं.

आता वैताग असा, की बाबांना तो दिवा वर बरा दिसतो. घरात आले की वर ढकलतात. आई खाली ओढते. "जरा घरासारखं दिसू दे," "घर याच उजेडावर चाललंय," असं वर-खाली दिवसभर चालतं, आणि वजन मधल्यामध्ये माझ्या कानाजवळून जातं. तुला विचारल्याशिवाय झुंबर परत पाठवायला बाबा तयार नाहीत, म्हणून ते दिवाणावर चादर पांघरून ठेवलंय. परवा दूधवाल्याने आत डोकावून हळूच विचारलं, "कोण आजारी आहे का?" दिवाण माझा आहे, मी सध्या खाली झोपते. आणि तू येत्या रविवारी येणार असं कळल्यापासून बाबांनी वायरमनला सांगून ठेवलंय, की शनिवारी कप्पीचा दिवा उतरवायचा आणि ताईचं झुंबर परत वर. आई म्हणते, मग मी मशीन जिन्यात मांडते, येणाजाणाऱ्यांनी बघू दे. ती खरंच मांडेल. तिने जिन्यातला प्लग बघून ठेवलाय.

बाकी सगळं ठीक आहे. तू ये, आम्ही वाट बघतोय. काकांना नमस्कार.

तुझी,
तूच नाव ठेवलेली घुमी

ता. क. बाबांना मी पत्र लिहिलेलं माहीत नाही. शनिवारच्या आत तू त्यांना एक फोन करशील का? नुसतं एवढंच म्हण, की तुला आता साधे कप्पीचे दिवे आवडायला लागलेत, झुंबर गंजूशेठला परत जाऊ दे. तू म्हणालीस तर ते लगेच ऐकतील. आम्ही म्हणून पाहिलं.

ता. क. दुसरा. हे मी का सांगू असं तुला वाटलं तर लिहून ठेवते. गंजूशेठ बोलता बोलता म्हणाले, की हे झुंबर आधी तू तुझ्याच घरी नेलं होतंस, काकांच्या कपाळाला टाके पडले, म्हणून परत आणलंस. त्यांनी पैसे परत दिले नाहीत, तेव्हा तू म्हणालीस, "ठेवा मग, भाऊ येईल त्याला हेच दाखवा." टाके निघाले का? काकांना जप म्हणावं.

ता. क. तिसरा. बाबांना यातलं मी काही सांगितलेलं नाही, घाबरू नकोस. मला बोलायला जमत नाही हे तुला माहीतच आहे. पत्र लिहायला मात्र जमतं, हे मला आजच कळलं.