दत्तूनं पाठवलेला मासा

बेळगाव, ३ नोव्हेंबर १९४१
धाकट्या दत्तूनं अंदमानातून बाटली पाठवली. त्याच्या कचेरीतला, इथल्या जवळच्या सांबरे गावचा एकजण रजेवर आला, त्याच्या हाती. स्पिरिटात बोटभर मासा. लाल होता म्हणे, आता पांढराफटक. डोळे मात्र हे एवढाले! पत्रात: 'अण्णा, तुझ्या विज्ञानाच्या वर्गाला. दिवसा खडकाच्या बिळात दडतो, लई भित्रा. नर अंडी तोंडात धरतो, पिलं सुटेपर्यंत कण खात नाही.' सगळ्यांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, "एवढ्याशाची आमटीबी व्हायची न्हाय." पोट धरून हसलो.

५ नोव्हें.
चिमट्यानं तोंड उघडून बघणार होतो. दत्तूची बायको शेवंता आडवी आली. "ऱ्हाऊ द्या, अण्णा. धरलंय ते धरू दे." बाटली शाळेत नेऊ दिली नाही ती नाहीच.

२९ मार्च १९४२
जपान्यांनी अंदमान घेतलं. पेपर दोनदा वाचला. टपाल बंद. आता काय

१४ जून १९४३
स्पिरिट कुठं मिळेना. मासा अर्धा उघडा पडलाय. शेवंता बाटलीवर खणाचा तुकडा घालते. "उजेड सोसत न्हाय त्येला." मी खेकसलो, "अगं, मेलाय तो!" ती उठून आत गेली. माझ्या जिभेला हाड नाही.

२ सप्टें. १९४५
लढाई संपली. शेवंतानं घर सारवलं. आई अंथरुणाला खिळलेली. "आला काय रं दत्तू?" दिवसातून दहादा.

११ डिसें.
दत्तूच्या सोबत्याचं मद्रासहून पत्र, शाळेच्या पत्त्यावर. यंदा पावसाळ्यात जपान्यांनी बऱ्याच जणांना होडीत घालून नेलं, दत्तू त्यांत होता. परत आलेला कुणी त्यानं पाहिला नाही. प्रेतही नाही.
पत्र कोटाच्या आतल्या खिशात. सांगितलं तर आई जाईल. नाही सांगितलं तर शेवंता रोज कुंकू लावून वाट बघणार. देवा, हे माझ्याच गळ्यात का?

१३ डिसें.
वर्ग घेतला. काय शिकवलं, आठवत नाही. घास उतरत नाही.

१५ डिसें.
ताट सारलं. शेवंता कधी नव्हे ती समोर आली. "चार दिस झालं जेवत न्हाईसा. तोंडात काय धरलंयसा, अण्णा?"
म्हटलं, दाढ दुखते.
तिनं लवंग आणून दिली. गेली नाही. अजून दारात उभी आहे, मी खाली मान घालून हे लिहितोय.